शिक्का, मोर्तब आणि किल्ली : दूरच्या दारावर ओळख कशी पटवावी?

१/
एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले, असे आपण म्हणतो. हा जोडशब्द आहे. शिक्का आणि मोर्तब या मुळात दोन स्वतंत्र मुद्रा होत्या आणि दोघींची कामेही स्वतंत्र होती. आजचा #धागा या दोन मुद्रांपासून सुरू होतो आणि आपल्या संगणकातील एका किल्लीपाशी संपतो. प्रश्न मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे : जो माणूस समोर उभा नाही, तो ‘तोच’ आहे हे कशावरून मानावे?

२/
हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. कुरुंदवाड, नृसिंहवाडी आणि आसपासच्या गावांत पाणी ओसरल्यावर अनेक वाड्यांतून भिजलेले मोडी कागदांचे रुमाल बाहेर आले. कागद एकमेकांना चिकटलेले, शाई पसरलेली. आम्ही पाच विद्यार्थ्यांनी ठरवले की, वाचन नंतर करू, आधी छायाचित्रे काढू.

३/
छायाचित्रे ठेवण्यासाठी आम्ही भाड्याने एक सर्व्हर घेतला. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी चोवीस तास चालू असणारा संगणक. त्यात आपण घरबसल्या शिरायचे आणि काम करायचे. शिरण्यासाठी पाचांना मिळून एकच पासवर्ड होता. गावाचे नाव आणि पुढे पुराचे वर्ष. लक्षात ठेवायला सोपा. त्याचा परिणाम काय झाला ते ओघात सांगेनच. आधी तीनशे वर्षे मागे जाऊ.

४/
मराठी राज्यातील अधिकृत पत्र पाहा. वरच्या भागात शिक्का असतो. शिवछत्रपतींची मुद्रा संस्कृत श्लोकात आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, असे तिचे वर्णन त्या श्लोकातच येते. शिक्का सांगतो, हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले. मजकूर संपला की शेवटी मोर्तब येते. ही लहान मुद्रा असते आणि तिच्यावर मर्यादा किंवा लेखनाची सीमा दर्शविणारे शब्द असतात.

५/
मोर्तबाचे प्रयोजन विलक्षण व्यवहारी आहे. मोर्तबानंतर कोणी एक ओळ जरी वाढविली, तरी ती सीमेबाहेरची म्हणून उघडी पडते. लांब पत्रासाठी कागद एकाखाली एक चिकटवीत, तेव्हा जोडांवरही मुद्रा उमटवीत. मधला तुकडा बदलला तर मुद्रेची दोन अर्धुके जुळणार नाहीत. थोडक्यात, शिक्का म्हणजे ‘कोणी लिहिले’ आणि मोर्तब म्हणजे ‘जेवढे लिहिले तेवढेच आहे’. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येईल.

६/
आता पहिला प्रसंग. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर ते सुटून परत आले, तेव्हा मधे अठरा वर्षे लोटली होती. बालपणी पाहिलेला चेहरा पंचविशीत कोण ओळखणार? ताराबाईंनी सरळ जाहीर केले की, हा तोतया आहे. हा प्रश्न राजकीय होता हे खरे. परंतु तो मांडता आला, कारण ओळख निर्विवाद सिद्ध करण्याचे साधनच हाती नव्हते.

७/
मग ओळख कशी पटली? साक्षीने. परसोजी भोसले यांनी शाहूंसोबत एका ताटात भोजन केले आणि लोकांची शंका फिटली, असे परंपरा सांगते. पुढे धनाजी जाधवांची खात्री पटली आणि ऑक्टोबर १७०७ च्या खेडच्या लढाईत पारडे शाहूंकडे झुकले. म्हणजे ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याने दुसऱ्याविषयी ग्वाही दिली. विश्वासाची ही साखळी आजच्या संगणकशास्त्रातही आहे; ती थोड्या वेळाने पुन्हा भेटेल.

८/
दुसरा प्रसंग ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या आज्ञेतील ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि ‘मारावे’ असे वाचले गेले, ही कथा प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. मूळ कागद समोर ठेवून ती सिद्ध करता येत नाही, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती परंपरा म्हणूनच सांगावी.

९/
पण ही कथा दोनशे वर्षे टिकली, यालाही एक कारण आहे. पत्र खऱ्या माणसाचे असेल, शिक्का खरा असेल, मोर्तबही जागेवर असेल. तरी मधले एक अक्षर बदलले तर काय? मोर्तब शेवटची सीमा राखते, मधल्या प्रत्येक अक्षराची नाही. समाजाच्या मनातील ही भीती त्या एका म्हणीत साठून राहिली आहे.

१०/
तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते जिवंत असल्याची आशा पुण्याने सोडली नव्हती; त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःस अखेरपर्यंत विधवा मानले नाही. या आशेच्या आधाराने एक मनुष्य पुढे आला आणि ‘मीच भाऊ’ म्हणाला. चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि किल्ल्यावर कैदेत पडला.

११/
प्रकरण तिथे संपायला हवे होते. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीचे अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्यालाच खरा भाऊ मानून मोकळे केले. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याला वश झाले. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्याला पकडले आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला हत्तीच्या पायी देण्यात आले.

१२/
लष्करी दृष्टीने हे बंड. ओळखीच्या दृष्टीने पाहिले तर ही पासवर्ड चोरीला जाण्याची घटना आहे. अशा माणसाची परीक्षा दोनच गोष्टींनी घेता येते : चेहरा आणि माहिती. चेहऱ्यात साम्य असू शकते. माहिती ऐकून, विचारून, पाठ करून मिळविता येते. जे ज्ञान दुसऱ्याच्या डोक्यात जाऊ शकते, ते ज्ञान ‘मी मीच आहे’ याचा पुरावा होऊ शकत नाही. किल्ल्यांची दारे उघडली, कारण दारावरच्या माणसाकडे याहून चांगली कसोटी नव्हती.

१३/
‘परवलीचा शब्द’ हा मराठीतील जुना पासवर्डच. रात्रीच्या पहारेकऱ्याने विचारायचा, येणाऱ्याने सांगायचा. ही युक्ती जगभर होती. रोमन छावणीत दर संध्याकाळी परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकडीतुकडीतून फिरविला जाई, असे पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने नोंदविले आहे. येथे ‘दर संध्याकाळी’ हे महत्त्वाचे. शब्द फुटणारच, हे गृहीत धरून तो रोज बदलला जाई. आमचा शब्द कित्येक महिने तोच होता.

१४/
संगणकावर पासवर्ड आला तो १९६१ च्या सुमारास. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी ‘सीटीएसएस’ प्रणाली उभारली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला शब्द दिला. १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधकाने सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. त्याला ठरल्यापेक्षा जास्त संगणकवेळ हवा होता, इतकेच.

१५/
१९६६ मध्ये त्याच प्रणालीवर आणखी मौज झाली. दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला ‘आजचा निरोप’ दिसण्याऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. पासवर्डाचा हा मूळ दोष आहे : तो तुमच्याकडे असतो आणि दारावरच्या पहारेकऱ्याकडेही असतो. गुपित दोघांचे, म्हणून फुटण्याच्या जागाही दोन. नंतरच्या प्रणालींनी पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचे उलट न फिरविता येणारे रूप साठवायला सुरुवात केली. पण तुम्ही तो टाइप करता तेव्हा तो अखेर पलीकडे पोहोचतोच.

१६/
१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी चोरून कान लावला आणि वाहते पासवर्ड टिपले. त्या काळी दूरच्या संगणकात शिरण्यासाठी टेलनेट, आरलॉगिन अशी साधने होती आणि त्यांतून पासवर्ड उघड्या पत्रासारखा जाई. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी नवे साधन लिहून लोकांना खुले केले : ‘सिक्युअर शेल’, म्हणजे एसएसएच. त्याला २२ क्रमांकाचे द्वार मिळाले. २१ आणि २३ ही जुन्या साधनांची होती, त्यांच्या मधोमध.

१७/
वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांतील सुमारे २० हजार लोक ते वापरू लागले होते. १९९९ मध्ये ‘ओपनएसएसएच’ ही मुक्त आवृत्ती आली आणि आज जगातील बहुतेक सर्व्हरांवर तीच चालते. एसएसएचने दोन गोष्टी केल्या. पहिली, सारे बोलणे कूटबद्ध केले. दुसरी, पासवर्डाऐवजी किल्लीने ओळख पटविण्याची सोय दिली. आपला विषय ही दुसरी गोष्ट.

१८/
आता शिक्क्याकडे परत येऊ. मुद्रा धातूची असते आणि ती धन्याच्या ताब्यात असते. दूर दफ्तरात असतो तो फक्त तिचा ठसा. नवे पत्र आले की दफ्तरदार जुन्या ठशाशी ताडून पाहतो. दफ्तरदाराला ओळखता येते. बनविता येत नाही. दफ्तर लुटले गेले तर चोराच्या हाती ठसे लागतील, मुद्रा लागणार नाही. पासवर्डापेक्षा ही रचना मुळातच श्रेष्ठ आहे, कारण गुपित एकाच ठिकाणी राहते.

१९/
मग दोष कोठे? कुशल कारागीर ठसा पाहून मुद्रा कोरू शकतो. बनावट सनदा हा मराठी कागदपत्रांच्या इतिहासातील मोठा विषय आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा घराघरांतील सनदा तपासल्या गेल्या आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडल्या गेल्या. नोंद जुळली नाही की जमीन धोक्यात. कित्येक घराण्यांचे भवितव्य एका कागदाच्या खरेपणावर टांगलेले होते.

२०/
म्हणून प्रश्न असा उरतो : असा ठसा करता येईल का, जो सर्वांना दाखविला तरी त्यावरून मुद्रा कोरता येणार नाही? तोतयाच्या शिक्षेनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९७६ मध्ये, व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी अशी रचना शक्य असल्याचे मांडले. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्ष करून दाखविली. तिला त्यांच्या आद्याक्षरांवरून आरएसए म्हणतात.

२१/
(ब्रिटिश सरकारच्या गुप्त संदेशविभागात जेम्स एलिस यांनी १९७० मध्ये ही कल्पना आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये तिची गणिती कृती शोधली होती. पण ते गुपित १९९७ पर्यंत बाहेर आले नाही. दफ्तर बंद राहिले की इतिहासातील श्रेय दुसऱ्याकडे जाते, याचे हे आधुनिक उदाहरण.)

२२/
आरएसएमागची कल्पना सोपी आहे. ५३ गुणिले ६१ किती? कागदावर क्षणात ३२३३ येतात. आता उलट : ३२३३ कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार? थोडा वेळ जातो. संख्या शेकडो अंकी केल्या तर गुणाकार संगणकाला तरीही सोपा राहतो, पण उलट वाट आजच्या संगणकांनाही व्यवहारात अशक्य होते. ठसा जगाला दाखवा. त्यावरून मुद्रा कोरणारा कारागीर नाही.

२३/
एसएसएचमध्ये तुमचा संगणक अशी जोडी तयार करतो. खाजगी किल्ली म्हणजे मुद्रा. ती तुमच्याच संगणकावर राहते. सार्वजनिक किल्ली म्हणजे ठसा. ती सर्व्हरवरील ‘ऑथराइज्ड कीज’ नावाच्या फाइलीत एक ओळ म्हणून नोंदवायची. ही फाइल म्हणजे आपले दफ्तर. कोणाचे ठसे मान्य आहेत, याची यादी. ती चोरीला गेली तरी तिच्या जोरावर कोणालाही आत शिरता येत नाही.

२४/
दारावर नेमके काय घडते? दोन्ही संगणक प्रथम आपसांत एक गुप्त वाट ठरवितात. त्यातून त्या भेटीपुरता एक नवा अंक निर्माण होतो. तुमचा संगणक त्या अंकासह विनंतीवर खाजगी किल्लीने सही करतो. सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने ताडतो. जुळली की दार उघडते. खाजगी किल्ली वाटेने कधीच जात नाही. शिवाय अंक दर भेटीला नवा असल्यामुळे जुनी सही चोरून पुन्हा दाखविली तर ती चालत नाही. पत्रावरचा शिक्का कापून दुसऱ्या पत्रावर चिकटविण्याची वाटच बंद.

२५/
आणि ‘ध’ चा ‘मा’? डिजिटल सही मजकुरातील प्रत्येक अक्षराशी बांधलेली असते. एक अक्षर बदलले की सही जुळत नाही. शिक्का आणि मोर्तब येथे एक होतात, आणि मधला मजकूरही राखला जातो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने भारतात अशा सहीला कायद्याचे बळ दिले. आज महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, तोही याच कल्पनेवर उभा आहे. इनामाच्या सनदेपासून सातबाऱ्यापर्यंतचा हा प्रवास आपल्याच मातीतला आहे.

२६/
शाहूंच्या वेळची साक्षही इथे आहे. नव्या सर्व्हरला प्रथम जोडताना एसएसएच तुम्हाला सर्व्हरचा ‘फिंगरप्रिंट’ दाखवून विचारते : याला ओळखता का? आपण बहुधा न वाचता ‘होय’ म्हणतो. म्हणजे ताटात जेवायला कोण बसले आहे हे न पाहताच ग्वाही देतो. तो फिंगरप्रिंट सर्व्हर देणाऱ्याकडून वेगळ्या मार्गाने मिळवून ताडावा. पुढे तो अचानक बदलला, तर एसएसएच मोठा इशारा देते. त्याकडे दुर्लक्ष करू नये. तोतया दोन्ही बाजूंना असू शकतो.

२७/
आता आमची गोष्ट. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरचा लॉग पाहा. काही तासांतच ‘रूट’, ‘ॲडमिन’ अशा नावांनी अनोळखी यंत्रे दार ठोठावू लागलेली दिसतात. माणसे नव्हेत, यंत्रे. गावांची एक लाख नावे आणि प्रत्येकापुढे शंभर वर्षे जोडली तर एक कोटी शब्द होतात. यंत्राला हे काम फार मोठे नाही. आमचा शब्द त्या एक कोटींतच होता.

२८/
एका सकाळी छायाचित्रांचा फोल्डर रिकामा होता. कोण आले, कोठून आले, याचा शोध लागला नाही. पाचांचा शब्द एकच असल्यामुळे, आमच्यापैकी कोणाच्या हातून तो फुटला की यंत्राने ओळखला, हेही सांगता येईना. बराचसा भाग एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवर होता, तो वाचला. एका रुमालाची दुसरी प्रत मात्र कोठेच नव्हती. त्या रुमालातील मूळ कागद तोपर्यंत वाळून, आवळून, उघडता न येणारे गठ्ठे झाले होते.

२९/
वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. पटवर्धन दफ्तरातील पत्रे निवडून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने छापला. पटवर्धनांचा, म्हणजे कुरुंदवाडच्याही घराण्याचा, इतिहास आपल्याला त्यामुळे वाचता येतो. त्यांच्याकडे ना सर्व्हर होता ना कॅमेरा. पण छापलेल्या खंडाच्या प्रती गावोगावी पोहोचल्या आणि म्हणून त्या टिकल्या. आमच्याकडे यंत्र होते, प्रत नव्हती. ही चूक किल्लीच्या आधीची आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

३०/
त्यानंतर आम्ही काय केले ते क्रमाने लिहिते; कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिले : प्रत्येकाने स्वतःच्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन’ या आज्ञेने स्वतःची किल्ली बनविली. प्रकार निवडला ‘ईडी २५५१९’. ही किल्ली आखूड असते, पण ती फोडायला साधारण २ च्या १२८ व्या घाताइतके प्रयत्न लागतात, म्हणजे ३९ अंकी संख्या. त्याउलट आठ इंग्रजी लहान अक्षरांचे सारे पासवर्ड मिळून सुमारे २०,८८३ कोटीच होतात.

३१/
दुसरे : किल्लीला ‘पासफ्रेज’ लावली. मुद्रा चोरीला जाऊ शकते, लॅपटॉपही जाऊ शकतो. पासफ्रेज म्हणजे मुद्रा ठेवलेल्या पेटीचे कुलूप. ती फक्त आपल्या संगणकावर लागते, वाटेने जात नाही.

तिसरे : फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर चढविली. खाजगी किल्ली कोणालाही, कधीही, ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. मदत मागणाऱ्या तज्ज्ञालाही नाही.

३२/
चौथे, आणि येथे सर्वाधिक लोक चुकतात : चालू असलेली खिडकी बंद न करता दुसरी खिडकी उघडून किल्लीने शिरता येते का ते पाहिले. आत गेल्यावरच सर्व्हरच्या मांडणीत ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’ या ओळीपुढे ‘नो’ लिहिले आणि सेवा पुन्हा सुरू केली. मग तिसऱ्या खिडकीतून पासवर्डाने शिरण्याचा मुद्दाम प्रयत्न केला. नकार मिळाला तेव्हाच काम पूर्ण मानले. हा क्रम चुकला तर गडाचा दरवाजा लागतो आणि किल्लेदार बाहेर राहतो.

३३/
पाचवे : पाच माणसे, पाच किल्ल्या. सभासदाच्या बखरीत शिवकालीन गडांची व्यवस्था सांगितली आहे : हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे सारख्या दर्जाचे, म्हणजे एकट्याच्या मर्जीवर गड जाऊ नये. आमच्याकडे आता कोण केव्हा आत आले ते लॉगमध्ये त्याच्या किल्लीनिशी दिसते. कोणी काम सोडले तर यादीतील त्याची एक ओळ पुसायची. बाकी चौघांना काही बदलावे लागत नाही. एकच सामाईक शब्द असता, तर तो बदलून सर्वांना नव्याने सांगावा लागला असता.

३४/
येथे एक सावधगिरी. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्याचे दरवाजे बंदच होते. तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कड्यावरून चढले. किल्लीने फक्त एक दार मजबूत होते. सर्व्हरवरील जुनी, न सुधारलेली एखादी सेवा हा दुसरीकडचा कडा असतो. म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि निराळ्या जागी प्रत ठेवणे, ही कामे किल्लीमुळे संपत नाहीत.

३५/
शेवटी त्या रुमालाविषयी. कुरुंदवाड संस्थानाच्या १८५४ मध्ये दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. ८ मार्च १९४८ रोजी दोन्ही मुंबई प्रांतात विलीन झाल्या. राज्ये गेली, पण कागद घराघरांत राहिले. ज्या आजींनी आम्हाला तो रुमाल दिला, त्यांच्याकडे मी स्वतः गेले आणि झाले ते सांगितले. पासवर्ड म्हणजे काय, तो कसा फुटला, छायाचित्रे कशी गेली, सारे.

३६/
आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एका किल्लीवर पाच जण ठेवलात होय गं? आमच्या घरात माजघराची किल्ली सासूबाईंच्या कनवटीला असायची. हरवली तर कुणाला विचारायचं, ते ठाऊक असायचं.” मी नवी व्यवस्था समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. दुसरा रुमाल अजून दिलेला नाही. तो देणे न देणे हा त्यांचा अधिकार आहे आणि तो पुन्हा मागण्याआधी आम्हाला विश्वास कमवावा लागेल.

३७/
आपण इतिहासप्रेमी तरुण मंडळी हल्ली जुने कागद, ताम्रपट, वीरगळ यांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर गोळा करतो. ती ज्या दाराआड ठेवली आहेत त्या दाराकडे आज एकदा पाहावे. शब्द असेल तर किल्ली करावी. पाचांचा एकच शब्द असेल तर आजच. आणि त्याआधी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

मोर्तब सूद. 🙏